चि. आणि चि. सौ. कां.

नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा मॅडमनी माझी सर्टिफिकेटं न उघडताच बाजूला सारली आणि विचारलं, "घरात दमा कुणाला?"

"आजोबांना होता," मी म्हटलं.

"आईकडचे की वडिलांकडचे?"

"आईकडचे."

"आणि तुला सर्दी किती वेळा होते?"

एम.एस्सी. होऊन मी तेव्हा डोंबिवलीत घरी बसलेले. नोकरीसाठी थोडंफार खोटं बोलायची माझी पूर्ण तयारी होती, पण सर्दीबद्दल कुठल्या बाजूनं खोटं बोलायचं तेच कळेना. "फारशी होत नाही," म्हणून टाकलं. मॅडमनी चष्म्याच्या वरून मला न्याहाळलं. "काळ्या घराण्यातली दिसतेस. चावशील, पण टिकशील. सोमवारपासून ये."

आता मी काही गोरीपान नाही, कबूल. पण पहिल्याच भेटीत तोंडावर असं ऐकून घ्यायचं म्हणजे काय? घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "अगं, बाई नोकरी देतायत की स्थळ बघतायत?" पुढे कित्येक वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं, तरी या प्रश्नाचं उत्तर मला देता आलेलं नाही.

आमची लॅब ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये. खालच्या मजल्यावर रबरी वॉशर बनवणारा कारखाना, मधल्या मजल्यावर आम्ही आणि आमचे उंदीर, आणि वरच्या मजल्यावर एसी, काचेची दारं आणि साहेब. नवीन औषध माणसाला देण्याआधी उंदरांना देऊन बघायचं, हे आमचं काम. त्यासाठी उंदरांची दोन घराणी पाळलेली होती, एक काळं आणि एक पांढरं. पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरातच जोड्या लावल्यामुळे एका घराण्यातले सगळे उंदीर जुळ्या भावंडांइतके सारखे. गंमत अशी की एकच रोग दोन्ही घराण्यांना दिला, तर एक घराणं दोन दिवस मलूल होऊन तिसऱ्या दिवशी उड्या मारायला लागायचं, आणि दुसरं सरळ आडवं व्हायचं. दुसरा रोग दिला की नेमकं उलट. कुठल्या रोगापुढे कोण टिकणार, याचा बराचसा निकाल रक्तातच लागलेला असायचा. लोक हे पुस्तकात वाचतात आणि परीक्षेनंतर विसरतात. मॅडमनी ते अख्ख्या ठाणे जिल्ह्याला लावलं होतं.

भेटेल तो माणूस त्यांच्या लेखी काळा तरी असायचा, नाहीतर पांढरा. याचा कातडीशी काही संबंध नव्हता. आमचा कॅन्टीनवाला अण्णा चांगला सावळा, पण तो पांढरा. "गोड माणूस आहे, पण पहिल्या तापात आडवा होईल बघ," असं त्या म्हणाल्या, आणि अण्णा पावसाळ्यात खरंच आडवा झाला. मॅडम त्याला भेटायला गेल्या त्या सफरचंदं घेऊन आणि बोर्डात पहिल्या आल्यासारखा चेहरा करून. अण्णाच्या बायकोनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

रूपेशच्या साखरपुड्यात तर कहर झाला. रूपेश म्हणजे माझा सहकारी, कल्याणचा, सगळ्या लॅबमध्ये तो एकटा सकाळीसुद्धा हसायचा. मॅडम नटूनथटून आल्या, मुलीच्या वडिलांना छान हात जोडून जय भीम केला आणि त्याच श्वासात विचारलं, "आपल्याकडे क्षय कुणाला?" ते बिचारे गडबडले. "नाही हो मॅडम, कुणालाच नाही," म्हणाले. मॅडम रूपेशच्या आईकडे वळल्या. "उत्तम. करून टाका." लग्न अर्थात दोन महिन्यांपूर्वीच ठरलेलं होतं. रूपेशची आई मात्र अजून सांगते की मॅडमनी होकार दिला म्हणून सून मिळाली.

मॅडम भांडायच्या. भांडखोर हा शब्द त्यांना फार लहान पडेल. लिफ्टवाल्याशी, कुरियरवाल्याशी, खालच्या वॉशरवाल्याशी, परदेशातल्या मोठमोठ्या प्रोफेसरांशी ईमेलवर, सगळ्यांशी सारख्याच जोमानं भांडायच्या. एकदा त्या फोनवर तावातावानं भांडत होत्या, ते ऐकून आम्ही घाबरून बाहेर उभे राहिलो. मागून कळलं, पलीकडे कंपनीची रेकॉर्ड केलेली बाई 'एक दाबा, दोन दाबा' म्हणत होती.

आणि त्यांचं सगळ्यात मोठं भांडण होतं मुलींसाठी. मुली म्हणजे उंदरांच्या. नर-मादी हे शब्द त्यांच्या राज्यात बंद. "नर-मादी गोठ्यात असतात. आपल्याकडे मुलगे आणि मुली," असं पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, माझ्या हातात एक पिल्लू ठेवलं आणि म्हणाल्या, "सांग काय आहे." मी पिंजऱ्यावरचं कार्ड वाचायला मान वळवली तर डोक्यात टपली बसली. "कार्ड काय वाचतेस? शेपूट उचल!"

घराणं एक, रक्त एक, रोगही एक, तरी एकाच घराण्यातले मुलगे आणि मुली वेगवेगळे आजारी पडतात, हा मॅडमचा जन्मभराचा विषय. आणि त्यांचं ठाम मत असं की मुलीच चिवट. पोटाच्या जंतूंवर, कातडीच्या जंतूंवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलेलं, आणि प्रत्येक वेळी मुलगे आधी मान टाकायचे. शिवाय घरी एक नमुना होताच. त्यांचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सालस गृहस्थ. पण त्यांना सर्दी झाली की लॅबमध्ये फोन यायचा.

"थर्मामीटर कुठे आहे विचारतायत," मी रिसीव्हर धरून सांगायचे.

"त्यांना म्हणावं, गेल्या वेळी तोंडात ठेवला होतात, आधी तिथे बघा."

फोन ठेवला की त्या आमच्याकडे बघून बोट वर करायच्या. "बघितलंत? मुलगे!"

आता कार्डांबद्दल सांगते. प्रत्येक पिंजऱ्यापुढे एक कार्ड असतं, त्यावर नंबर, घराणं आणि मुलगा की मुलगी हे लिहायचं. इतर ठिकाणी कॉम्प्युटरवर छापलेली लेबलं लावतात. मॅडमना छापील लेबल चालायचं नाही. "छापलं की कुणी वाचत नाही," त्या म्हणायच्या. त्या स्वतः शाईच्या पेनानं, वळणदार अक्षरात, प्रत्येक कार्ड लिहायच्या. मुलग्यांच्या पिंजऱ्यावर चि., मुलींच्या पिंजऱ्यावर चि. सौ. कां. लग्नपत्रिकेत नवरानवरीच्या नावाआधी असतं तसं. पाहुणे यायचे ते हसून हसून बेजार व्हायचे, मॅडम अजिबात हसायच्या नाहीत. "सौभाग्यकांक्षिणी आहेतच त्या. पुढच्या आठवड्यात जोड्या लावायच्यात."

रूपेश नवीन होता तेव्हा त्यानं धीर करून म्हटलं, "मॅडम, आमच्या पत्रिकेत असं नसतं. आयुष्मान आणि आयुष्मती असतं."

मला वाटलं, झालं, आता पेटणार. पण मॅडम पेन हातात घेऊन विचार करत बसल्या. "आयुष्मती. म्हणजे नवऱ्याचं काही देणंघेणं नाही, तिचं तिला आयुष्य. फार चांगलं आहे रे." त्या दिवसापासून पांढरं घराणं आयुष्मान-आयुष्मती झालं. काळं घराणं मात्र चि. आणि चि. सौ. कां.च राहिलं, कारण कार्डं आधीच लिहून झालेली होती आणि शाई वाया घालवायची नाही.

साहेबांना मुलींची खोली हवी होती. इथूनच सगळं सुरू झालं. आमच्याकडे मुलग्यांची एक खोली आणि मुलींची एक. साहेबांना एक भलंमोठं मशीन आणायचं होतं आणि त्याला जागा नव्हती. साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांना कुठलीही खोली दिसली की तिथे मशीन दिसायचं.

"मॅडम, फीमेल्सच्या हार्मोन्सचं सायकल दर चार-पाच दिवसांनी फिरतं," ते एकदा खाली येऊन म्हणाले. "डेटामध्ये नॉइज येतो, आकडे उगाच वरखाली होतात. सगळे लोक मेल्सवरच तर काम करतात."

"आणि मुलगे साधुसंत आहेत का? चार मुलगे एका पिंजऱ्यात ठेवा, आठवड्यात एकमेकांच्या शेपट्या कुरतडून ठेवतात. तो नॉइज नाही?"

"ते मॅनेज होतं हो."

"आपल्याकडे त्यांचं होतंच मॅनेज," मॅडम म्हणाल्या. "मला एक सांगा, उद्या तुमच्या घरी मुलीला ताप आला. औषध कुणावर तपासलेलं द्याल? नुसत्या मुलग्यांवर?"

साहेबांना खरंच एक मुलगी होती, शाळेत जाणारी. ते जरा वरमले, पण मशीन काही डोक्यातून जाईना. शेवटी त्यांनी तोडगा काढला. फ्लूच्या नव्या औषधाचं काम आमच्याकडे यायचं होतं. त्याआधी नुसता फ्लू देऊन दोन्ही घराण्यांत काय होतं ते बघायचं होतं. या अभ्यासात मुलगे आणि मुली यांच्यात ठळक फरक दिसला तर खोली मुलींची. नाही दिसला तर खोली मशीनची, आणि मुली "कमी करायच्या". कमी करायच्या म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना कळत होतं.

मॅडमना चिंता अशी वाटतच नव्हती. "फरक दिसणार नाही? मुलगे उताणे पडतील आणि मुली त्यांच्या अंगावरून चालत जातील," त्या म्हणाल्या. उलट त्या मुलींची जास्तच काळजी घ्यायला लागल्या. दारात उभं राहून आमचा वास घ्यायच्या. उंदरांना उग्र वासाचा त्रास होतो. मी एकदा हळदीकुंकवाहून परस्पर आले, केसात गजरा, तर मला जिन्यातूनच परत पाठवलं. रूपेशला कांदाभजी खाल्ली म्हणून अर्धा तास वॉशरवाल्याकडे बसवलं.

त्यातच गणपती आले. मागच्या गल्लीतल्या मंडळानं स्पीकरची भिंत लावली. आवाजानं उंदीर बिथरतात, बाळंतीण असली तर पिल्लंसुद्धा खाऊन टाकते. मॅडम तडक मांडवात गेल्या. आम्ही मागे मागे, कारण आता मारामारी होणार ही खात्री. मंडळाचा अध्यक्ष चांगला धिप्पाड, गळ्यात जाड चेन. मॅडम त्याला म्हणाल्या, "आवाज बंद करा. आमच्याकडे बाळंतिणी आहेत."

त्याचा चेहराच बदलला. "अरे बाप रे! सॉरी आई, आम्हाला माहीतच नव्हतं. किती आहेत?"

"सात."

"सात?" तो ओरडला. "ए, बंद कर रे! आधी बंद कर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाची चार माणसं डबा घेऊन दारात हजर. अध्यक्षांच्या आईनं बाळंतिणींसाठी डिंकाचे लाडू पाठवले होते. "बाळं बरी आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"छान आहेत," मॅडम म्हणाल्या. "पन्नासेक झाली."

त्यांतला एक जण हिशोब करता करता भिंतीला टेकला. मॅडमनी लाडू घेतले, आणि खोटं बोलायचं नाही म्हणून त्यातल्या एकाचा चुरा खरोखरच बाळंतिणींना घातला. उरलेले आम्ही खाल्ले. लाडू अप्रतिम होते.

मग फ्लूचा अभ्यास सुरू झाला. काळ्या घराण्याचे आठ पिंजरे मुलग्यांचे, आठ मुलींचे. पांढऱ्यांचे तसेच. सगळ्यांना वेगळ्या बंद खोलीत हलवलं. तिथे काम करायचं म्हणजे दोन-दोन हातमोजे, मास्क, टोपी, चष्मा, आणि आत जाताना-येताना जंतुनाशकाचा फवारा. आम्ही बाहेर पडलो की लग्नात गुलाबपाणी अंगावर घेतल्यासारखे भिजलेले असायचो. रोज प्रत्येक उंदराचं वजन करायचं आणि कार्ड बघून कॉम्प्युटरमध्ये भरायचं. रूपेशचं लग्न तोंडावर आलेलं, त्यामुळे वजन करताना तो मनात पंगती मोजायचा. माझ्या घरी रंगकाम चाललेलं. कधी तो भरायचा, कधी मी.

आधी पांढऱ्यांचे आकडे आले. मॅडमनी ते बघितले आणि चष्मा पुसून परत बघितले. आयुष्मान आजारी पडले, मलूल झाले आणि बरेचसे सावरले. आयुष्मती मात्र पटापटा गेल्या. "पांढऱ्या मुळातच नाजूक," मॅडम म्हणाल्या, पण नेहमीच्या आवाजात नाही. "काळ्या मुली नाव काढतील बघ."

काळ्यांचे आकडे आले तर त्यात काहीच नव्हतं. चि. काही गेले, काही राहिले. चि. सौ. कां. काही गेल्या, काही राहिल्या. सगळी भेळ. साहेबांनी आकडे मागवून घेतले आणि स्लाइड तयार करून टाकली. एका घराण्यात फरक उलटा, दुसऱ्यात फरकच नाही, तेव्हा एकूण अर्थ काही नाही. शुक्रवारी मीटिंग. मशीनवाला माणूस टेप घेऊन खोली मोजूनसुद्धा गेला. मॅडम त्याच्याशी भांडल्यासुद्धा नाहीत.

गुरुवारी दुपारी चहा पिताना रूपेश सहज म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी पेन बदलू या का? फवाऱ्यानं शाई पुसते. पांढऱ्यांची बरीच कार्डं मला परत लिहायला लागली. पत्र्याच्या खोबणीत जेवढं झाकलेलं तेवढंच राहिलेलं. नुसतं 'आयुष्म'! पुढे मान की मती, काय कळणार? मग एकेकाची शेपूट उचलून लिहिलं."

मॅडमनी कप खाली ठेवला. "आणि काळ्यांची?"

"काळ्यांची काही लिहायला लागली नाहीत. ती नीट होती."

"काय लिहिलेलं होतं त्यांच्यावर?"

"काय म्हणजे? चि."

मॅडमनी मला विचारलं, "कॉम्प्युटरमध्ये काळ्या मुलग्यांचे पिंजरे किती आहेत?"

मी मोजले. "अकरा."

"आपण आठ ठेवले होते." त्या उठल्या. "अरे गाढवांनो, चि. कधी पुसत नाही! पुसतं ते पुढचं सौ. कां.!"

आयुष्मतीतलं अर्धं पुसलं तर शब्द तुटका दिसतो, माणूस थांबतो. चि. सौ. कां. मधलं सौ. कां. गेलं तर मागे अख्खा, सुखरूप चि. उरतो. तीन पिंजऱ्यांतल्या मुलींना आम्ही दोन आठवडे मुलगे समजत होतो. रोज हातात घेऊन वजन करत होतो, तरी! कार्डावर चि. लिहिलेलं असलं की डोळ्यांना चि.च दिसतो हो, काय सांगू.

मॅडम त्याच पावली मास्क लावून आत गेल्या. जे जिवंत होते त्यांच्या शेपट्या उचलल्या. जे गेले होते ते फ्रीजरमध्ये पिंजऱ्याच्या नंबरासकट होते, त्यांच्याही उचलल्या. मी बाहेर काचेतून बघत होते. माझ्या मनात देवाचा धावा चाललेला, आता मुली जिंकू देत, एकदाच्या जिंकू देत. त्या बाहेर आल्या, स्टुलावर बसल्या, टोपी काढली.

"त्या तीन पिंजऱ्यांतल्या जवळजवळ सगळ्या गेल्यात," त्या म्हणाल्या. "फरक ठळक आहे, दोन्ही घराण्यांत एकाच बाजूला. फ्लूला मुलगे टिकतात. मुली मरतात."

जन्मभर ज्याच्या उलट सांगितलं ते त्यांनी एका दमात सांगून टाकलं. मला रडू यायला लागलं. त्या मला म्हणाल्या, "रडतेस काय? विचार, का मेल्या."

का मेल्या ते पुढच्या तपासणीत दिसलंच. विषाणू दोघांच्या फुप्फुसात सारखाच होता. पण मुलींचं शरीर त्याच्यावर असं तुटून पडलं होतं की त्या हाणामारीत स्वतःचीच फुप्फुसं सुजून गेली. चोर पकडायला घरच पेटवून दिलं म्हणा ना. मॅडम बराच वेळ फुप्फुसांच्या त्या चित्रांकडे बघत होत्या. मग त्यांनी फोन उचलून घरी लावला.

"अहो, ऐका. तुमच्या सर्दीबद्दल मी आजवर जे बोलत आले ते फ्लूपुरतं मागे घेते. हो, फ्लूपुरतंच. पोटाच्या विकारांचं आहे तसंच राहील."

तपासणीसाठी मीटिंग आठवडाभर पुढे ढकलली होती. जायच्या आधी रूपेश घुटमळत म्हणाला, "मॅडम, फरक दिसला एवढंच सांगू या ना. कार्डाचं कशाला काढायचं? साहेबांना छापील लेबलांचं निमित्तच पाहिजे. आणि तुमचीच शाई..."

"शेपूट अर्धी उचलता येत नाही, रूपेश."

वरच्या मजल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. शाई माझी, हट्ट माझा, चूक माझी, असं आधी सांगितलं आणि मग आकडे सांगितले. साहेब ऐकत होते. मग म्हणाले, "पण मॅडम, मुली चिवट असं तुम्हीच म्हणायचात ना?"

"म्हणत होते. फ्लूच्या बाबतीत चुकत होते. पण आता बघा, तुमचं नवीन औषध नुसत्या मुलग्यांवर तपासलं असतं तर काय झालं असतं? ते एरवीही बरे होतच होते. औषध पास झालं असतं, तुम्ही पेढे वाटले असते, आणि ज्यांना त्याची खरी गरज त्यांच्यावर ते कधी बघितलंच नसतं."

साहेब काही वेळ खिडकीबाहेर बघत बसले. तेव्हा त्यांना मशीन दिसत नसावं. "ओके," ते म्हणाले. "रूम राहील. मशीनचं मी बघतो कुठेतरी." मग खुर्चीत सरसावून बसले, जणू आता खरी लढाई आहे. "पण लेबल्स प्रिंटेड. बारकोड. मेल, फीमेल. हे चि. वगैरे बंद. यावर मी डिस्कशन करणार नाही."

त्या कार्डांसाठी मॅडम याआधी दोन साहेबांशी आणि एका तपासनीसाशी भांडल्या होत्या.

"चालेल," मॅडम म्हणाल्या.

साहेबसुद्धा दचकले. "चालेल?"

"हो. चालेल."

संध्याकाळी आम्ही दोघी स्टेशनला जायला शेअर रिक्षात बसलो. मला राहवेना. "मॅडम, तुम्ही भांडला का नाहीत? इतकी वर्षं हातानं लिहिलीत ती कार्डं. असं कसं चालेल?"

त्या बाहेर बघत होत्या. "अगं, खोलीसाठी भांडले ना? मुली राहिल्या. दिसेल त्यावर तुटून पडलं की काय होतं, ते आपण दोघींनीच तर चिरून बघितलं." मग म्हणाल्या, "वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण चालेल."

त्यांचा हात हातात घ्यावासा वाटला, पण तेवढी हिंमत नव्हती. तेवढ्यात नाक्यावर रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवली आणि चौथा माणूस, त्याच्या भल्यामोठ्या बॅगेसकट, मॅडमच्या अंगावर कोंबला. मॅडमचं तोंड उघडलं. मी ऐकायला तयार होऊन बसले. तोंड परत मिटलं. त्यांनी पर्स छातीशी धरली आणि अंग चोरून बसल्या. इतक्या लहान झालेल्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

मला काय झालं कोण जाणे. "ओ दादा!" मी किंचाळले. "माणसं आहेत की कोंबड्या? उतरवा आधी त्यांना! नाही तर रिक्षा इथेच उभी राहील, सांगून ठेवते!"

रिक्षावाला मागे वळून बघायला लागला. बॅगवाला मुकाट्यानं उतरला. माझा आवाज पार चिरकलेला.

मॅडम सरळ होऊन बसल्या, पदर नीट केला. "घशातून नाही गं," त्या म्हणाल्या. "पोटातून."